डगमगती सीडी आणि माग काढणारं भिंग

व्हीसीडी प्लेअरचं वरचं झाकण काढून, आत सीडी न ठेवता, बटण दाबून बघावं. आधी भिंगाचा छोटा गाडा सरकत मधल्या अक्षाजवळ येतो. मग मोत्याएवढं भिंग हळूच वर उचललं जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. दोन-तीनदा असं झालं की ते गप्प बसतं आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटतं. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या बाजारातल्या रिपेअरिंगवाल्यांनी ही हालचाल असंख्य वेळा पाहिली असेल. त्यांच्या दृष्टीने ती साधी परीक्षा असते. भिंग हललं तर कॉइल शाबूत आहे, लाल ठिपका दिसला तर लेसर जिवंत आहे. पण त्या दोन-तीन उचक्यांत विसाव्या शतकातली नियंत्रणशास्त्राची एक मोठी करामत दडलेली आहे. हे प्रकरण तिच्याविषयी आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, आणि त्याच सुमारास खानदेशात व्हीसीडी शिरली. टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर असलेल्या घरांत ती आली, तशीच ज्या घरांत यांतलं काहीच नव्हतं तिथेही आली. अहिराणी गाण्यांच्या सीड्या, भिल्ल-पावरा भागातली नाचाची गाणी, लग्नाचं शूटिंग, मुंबईचे पिक्चर. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. घरगुती साधनांवर पिक्चर काढणाऱ्या त्या मंडळींवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपटही केला. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा तर पिक्चरची किंमत तिकिटापेक्षा खाली आली. नंदुरबारचं नाव तंत्रज्ञानाच्या इतिहासात घेतलं जातं ते शहादा तालुक्यातल्या टेंभली गावामुळे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक तिथे दिला गेला. मला मात्र वाटतं, त्याआधीच या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत टेबलावर किंवा पत्र्याच्या पेटीवर एक लेसर-यंत्र चालू होतं, आणि त्याची कामगिरी कमी थोर नव्हती. भारनियमन, वर-खाली होणारा व्होल्टेज, धूळ आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा सोसून ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकं अचूक काम करत होतं.

हा आकडा मी वाढवून सांगत नाही. सीडीवरची माहिती ही एकच सर्पिल वाट असते. ती आतून सुरू होते आणि बाहेर संपते. लागोपाठच्या दोन वेढ्यांतलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत ६२५ वेढे बसतात. ७४ मिनिटांच्या सीडीवरची वाट उलगडून सरळ केली तर साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरते. वाटेवर अर्ध्या मायक्रॉनहून किंचित रुंद खळगे असतात, आणि त्यांची लांबी हीच माहिती. ते वाचायचे तर लेसरचा ठिपका वाटेच्या मध्यापासून ०.१ मायक्रॉनपेक्षा जास्त ढळता कामा नये, आणि भिंग व माहितीचा थर यांच्यातलं अंतर एखाद्या मायक्रॉनच्या आत राखलं पाहिजे.

आता सीडीकडे बघू. ती साच्यात ओतलेलं प्लास्टिक आहे. मधलं भोक सर्पिलाच्या केंद्राशी तंतोतंत जुळत नाही, मानकानेच ७० मायक्रॉनपर्यंतची चूक मान्य केली आहे. म्हणजे भिंग एका जागी घट्ट धरून ठेवलं तर एका फेरीत त्याच्याखालून वाट १४० मायक्रॉन इकडेतिकडे सरकेल आणि ठिपका ८५हून जास्त वेढे ओलांडेल. सीडी सपाटही नसते. फिरताना तिचा पृष्ठभाग जवळपास अर्धा मिलिमीटर वर-खाली होऊ शकतो, आणि फोकसला परवानगी आहे एका मायक्रॉनची. आडव्या दिशेने चूक सातशेपट दाबायची आहे, उभ्या दिशेने पाचशेपट. ही दुरुस्ती काही रुपयांच्या प्लास्टिकवर, काही शे रुपयांच्या यंत्राने, अखंड करायची आहे.

दोन मार्ग होते. पहिला म्हणजे सीडी आणि मोटर इतक्या काटेकोर बनवायच्या की डगमगच राहणार नाही. त्या किमतीत ती वस्तू घड्याळाच्या कारखान्याबाहेर कधी पडली नसती. दुसरा मार्ग म्हणजे डगमग मान्य करायची, पण भिंगाला ती दिसली पाहिजे आणि ते तिच्यामागे धावलं पाहिजे. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत पीट क्रामर, क्लास कोम्पान, गाइस बाउहाउस, गेरार्ड फान रोसमालन, केस स्खाउहामर इमिंक अशा माणसांनी हा दुसरा मार्ग पक्का केला. ८ मार्च १९७९ रोजी फिलिप्सने सीडीचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. मग सोनी सोबत आली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीला आला. डिजिटल आवाज, बिटांचं गणित यांचं कौतुक भरपूर झालं, आणि ते योग्यच आहे. पण भिंग वाटेवर राहिलं नसतं तर त्या गणिताला वाचायला काही मिळालंच नसतं.

भिंगाला डगमग दिसते कशी, हा या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. सीडीवरून परतलेला प्रकाश एका प्रकाशसंवेदकावर पडतो. हा संवेदक चार चौकोनांत विभागलेला असतो. परतीच्या वाटेवर मुद्दाम दोष असलेलं भिंग बसवलेलं असतं, एका दिशेने जास्त वाकलेलं आणि दुसऱ्या दिशेने कमी. सीडी बरोबर अंतरावर असली की संवेदकावर गोल ठिपका पडतो आणि चारही चौकोनांना सारखा उजेड मिळतो. सीडी जवळ आली की ठिपका लंबगोल होऊन एका कर्णावर आडवा होतो, दूर गेली की दुसऱ्या कर्णावर. समोरासमोरच्या दोन चौकोनांची बेरीज करायची, त्यातून उरलेल्या दोघांची बेरीज वजा करायची. उत्तर शून्य आलं तर भिंग जागेवर आहे. धन आलं तर एका बाजूला सरकायचं, ऋण आलं तर दुसऱ्या. चूक किती आणि कोणत्या दिशेची, दोन्ही एकाच वजाबाकीत कळतं.

सुरुवातीला पाहिलेल्या उचक्या याचसाठी असतात. ही वजाबाकी फक्त काही मायक्रॉनच्या पट्ट्यातच अर्थपूर्ण असते, त्याबाहेर ती काहीच सांगत नाही. म्हणून भिंग आधी आंधळेपणाने वर-खाली फिरून सीडीचा थर शोधतं. त्या पट्ट्यातून जाताना संकेत आडव्या ‘एस’सारखी लाट काढतो, आणि लाट शून्यातून जाण्याच्या क्षणी सर्किट ताबा घेतं. त्यानंतर सीडी फिरू लागते आणि वाटेचा माग सुरू होतो. त्यासाठी लेसरचे तीन ठिपके पाडतात. मधला माहिती वाचतो आणि बाजूचे दोन वाटेच्या दोन्ही कडांवर अर्धे-अर्धे टेकलेले असतात. वाट डावीकडे सरकली की एका बाजूच्या ठिपक्याचा प्रकाश वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो. इथेही पुन्हा वजाबाकीच.

ज्या वस्तूला हलायचं आहे ती अगदी हलकी हवी. भिंग आणि त्याची चौकट चार बारीक तारांवर तरंगत असते. भोवती कॉइल, शेजारी चुंबक. कॉइलमध्ये वीज सोडली की भिंग वर-खाली किंवा आत-बाहेर ढकललं जातं. लाउडस्पीकरचा कागदी शंकू हलतो तेही याच तत्त्वावर. भिंगाची धाव फार नसते. लांबची मजल आतून बाहेर सरकणारा गाडा मारतो, आणि भिंग एका बाजूला ताणलं गेलंय हे ओळखून तो पाऊल टाकतो. मोटरचा वेगही बांधलेला नसतो. वाटेवरून वाचन सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास राहावं म्हणून सीडी आतल्या वेढ्यांवर मिनिटाला ५०० फेऱ्या घेते आणि बाहेर जाईपर्यंत २००वर येते. माहिती ज्या गतीने येते तिच्यावरूनच मोटरला हुकूम मिळतो.

तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटातून रात्री गाडी नेणारा चालक हेच करत असतो. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याची कड दिसते, त्यावरून तो स्टिअरिंग जरासं इकडे, जरासं तिकडे करतो, आणि गाडी रस्त्यावर राहते. चूक दिसायला उशीर झाला, किंवा हात गरजेपेक्षा जास्त जोरात फिरला, तर गाडी नागमोडी जायला लागते. चूक पाहून भिंग हलवणाऱ्या या यंत्रणेला सर्व्हो म्हणतात, आणि सर्व्होच्या अभियंत्याची सगळी काळजी या दोन गोष्टींत मावते, उशीर आणि जोर. जोर वाढवला तर चूक कमी होते, पण मर्यादेपलीकडे वाढवला तर दुरुस्तीच उलटी पडते आणि भिंग थरथरू लागतं. रिपेअरिंगवाले ज्याला ‘लेन्स किरकिर करते’ म्हणतात, त्यातला काही आवाज या थरथरीचा असतो.

आणखी एक पेच आहे. भिंगाने वाटेचं प्रत्येक वळण पाळावं, पण ओरखडा मात्र पाळू नये. जोरदार सर्व्हो ओरखड्याला वाट समजून त्याच्यामागे जातो आणि भलत्याच वेढ्यावर पडतो, मग तोच संवाद पुन्हा ऐकू येतो. मवाळ सर्व्हो ओरखड्यावरून सरळ निघून जातो, पण टेबलाला धक्का लागला की वाट सोडतो. मार्टेन स्टाइनबुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात फिलिप्समध्ये यावर बरंच काम केलं. पुढे चूक लहान असताना मवाळ आणि मोठी होताच जोरदार होणारे नियंत्रकही या मालिकेत आले. माझ्या मते ही शहाणपणाची रचना आहे, कारण धक्का मोठी चूक निर्माण करतो आणि ओरखड्याचा खोटा संकेत वेगळ्या जातीचा असतो.

१९९३ साली चीनमधल्या हफेई शहरात वानयान कंपनीने व्हीसीडी प्लेअर बाजारात आणला आणि काही वर्षांत ही यंत्रं आशियाभर स्वस्त झाली. चित्र उलगडणारी चिप स्वस्त झाली हे एक कारण. दुसरं कारण सहसा सांगितलं जात नाही. सुरुवातीच्या प्लेअरमध्ये कारखान्यातल्या माणसाला फोकस, ट्रॅकिंग, दोन ठिपक्यांचा तोल असे सात-आठ प्रीसेट स्क्रू-ड्रायव्हरने जुळवावे लागत. सर्व्हो डिजिटल झाल्यावर यंत्र चालू होताच स्वतःला मोजू लागलं आणि स्वतःच जुळवून घेऊ लागलं. त्यामुळे भिंगाचा संच साधारण बनला तरी चालू लागला. खानदेशात ज्याला सरसकट ‘लेन्स’ म्हणतात तो हा अख्खा संच. सोनीचा केएसएस-२१३ हा त्यातला फार चाललेला प्रकार. एक प्रीसेट तेवढा त्याच्या पाठीवर उरला, लेसरच्या वीजप्रवाहाचा. लेसर म्हातारा झाला की कारागीर तो किंचित फिरवून देतो. प्लेअर काही महिने चालतो, पण वाढलेल्या प्रवाहाने लेसर आणखी लवकर झिजतो, आणि उन्हाळ्याच्या तापलेल्या खोलीत तर फारच लवकर. गिऱ्हाइकाकडे नव्या लेन्सचे पैसे नसताना तो दुसरं काय करणार? मी त्याला दोष देत नाही.

व्हीसीडी १ एक्सवर चालायची. खरी कसोटी संगणकाच्या ड्राइव्हने घेतली. १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. काही वर्षांत ५२ एक्सपर्यंत मजल गेली. सायबर कॅफेत आणि लग्नाच्या स्टुडिओत ‘बावन्न एक्सचा रायटर’ अभिमानाने सांगितला जाई. वेग ५२ पट वाढला की भिंगाला लागणारं त्वरण वर्गाने, म्हणजे २,७०४ पट वाढतं. ड्राइव्ह मिनिटाला १०,००० फेऱ्यांजवळ गेला की सीडीची कड ताशी सुमारे २२५ किलोमीटरने धावते. केंद्र ७० मायक्रॉन ढळलेलं असेल तर भिंगाला सेकंदाला १६७ वेळा, गुरुत्वाकर्षणाच्या आठपट त्वरणाने डावीकडे-उजवीकडे हलावं लागतं. सेकंदाला ८ वेळा होणारी डगमग सातशेपट दाबायची तर नियंत्रणाची पोहोच, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वेगाच्या डगमगीमागे धावू शकतं ती मर्यादा, २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० वेळांच्या) आसपास असली तरी भागतं. १६७ वेळांची डगमग तेवढीच दाबायची तर ती ४,००० हर्ट्झच्या पलीकडे न्यावी लागते. तिथून पुढे भिंगाची प्लास्टिकची चौकट स्वतःच घंटेसारखी निनादू लागते. नियंत्रक जे सांगेल त्याच्या उलट ती वागते, आणि जोर वाढवायची वाट बंद होते.

अभियंत्यांनी यातून बरेच मार्ग काढले. फेऱ्या एकसारख्या ठेवल्या, त्यामुळे ५२ एक्स फक्त बाहेरच्या कडेलाच मिळायचा आणि आत त्याच्या निम्म्याहूनही कमी. खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ एवढाच होता. असंतुलित सीडीने ड्राइव्ह हादरू नये म्हणून अक्षाभोवती छोट्या छऱ्यांचं कडं बसवलं. फिरताना छरे आपोआप जड बाजूच्या समोर जाऊन बसतात. सर्वांत हुशार युक्ती अशी की डगमग दर फेरीला तशीच परत येते, तर ती लक्षात ठेवायची. घाटातला रोजचा चालक वळण दिसायच्या आधीच हात फिरवायला लागतो, तसा नियंत्रक मागच्या फेरीची चूक साठवतो आणि पुढच्या फेरीत भिंगाला आधीच ढकलतो. ज्या चुकीचा अंदाज येतो तिच्यासाठी जोर लागत नाही, तो अनपेक्षित धक्क्यांसाठी शिल्लक राहतो. झेन रिसर्चच्या तंत्रावर बनलेल्या केनवूडच्या ७२ एक्स ड्राइव्हने तर वेग वाढवायचंच नाकारलं. त्याने सात किरणांनी सात वेढे एकदम वाचले, आणि सीडी बेताने फिरवूनही माहिती भराभर काढली. ही कल्पना मला ५२ एक्सपेक्षा कितीतरी सरस वाटते, पण बाजारात ती टिकली नाही.

अखेर सीडीनेच मर्यादा घातली. १०,००० फेऱ्यांना कडेच्या प्लास्टिकवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६,७०० पट ताण येतो. मधल्या भोकाजवळ बारीक तडा असला तर सीडी ड्राइव्हमध्येच फुटते, आणि अशा घटना घडल्याही. वेगाची शर्यत तिथे थांबली. मग घनता वाढवायचा रस्ता उरला. डीव्हीडीत वेढ्यांतलं अंतर ०.७४ मायक्रॉनवर आणि ब्लू-रेमध्ये ०.३२वर आलं. लेसर ७८० नॅनोमीटरवरून ६५० आणि मग ४०५ नॅनोमीटरचा झाला. दर पायरीला भिंगाची मुभा आकसत गेली. २०१४ साली फेसबुकने क्वचित लागणारी माहिती ठेवायला १०,००० ब्लू-रे डिस्कचं कपाट दाखवलं होतं, त्यात एक पेटाबाइट माहिती मावायची. घरगुती बाजार मात्र आटला. मोझर बेअर दिवाळखोरीत गेली, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं.

जिल्ह्यातल्या घराघरांत आता लग्नाच्या, बारशाच्या, नाचगाण्याच्या सीड्या कपाटात पडून आहेत. त्यातल्या बऱ्याच स्टुडिओत घाईने, भरधाव रायटरवर भरलेल्या आणि त्यामुळे मुळातच कच्च्या. त्यांची प्रत काढून ठेवायची असेल तर हे सगळं शास्त्र उपयोगी पडतं. प्लेअरपेक्षा संगणकाचा ड्राइव्ह वापरावा, कारण तो अडला तर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो. सॉफ्टवेअरमधून वेग ४ किंवा ८ एक्सवर आणावा. सीडी सावकाश फिरली की भिंगाला लागणारं त्वरण कोसळतं, आणि ५२ एक्सला ‘अटकणारी’ सीडी बऱ्याचदा निमूट वाचली जाते. व्हीसीडीतल्या चित्राच्या माहितीला चूक-दुरुस्तीचा दुसरा थर नसतो, म्हणून पडद्यावर काही चौकोन उमटतीलच. तेवढ्यासाठी प्रत थांबवू नये. आणि पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्यावं, गोल फिरवू नये. आडवा ओरखडा दर वेढ्यातली थोडीशीच माहिती खातो, आणि वाटेवर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान सीडीचं चूक-दुरुस्तीचं गणित भरून काढतं. गोल पुसताना पडलेला ओरखडा मात्र वाटेच्या बाजूने लांबवर जातो. तिथे गणिताला भरायला काही उरत नाही आणि भिंगाचा माग सुटतो.